टोरॉइड गुंडाळला, रेडिओ मुकाच! सोलापुरात कुणी जाणकार आहे का?

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दिवाळीला ४० मीटर बँडचं (हौशी हॅम रेडिओवाल्यांचा एक पट्टा) एक रेडिओ किट मागवलं. ऐकणं-बोलणं दोन्ही होतं त्यात, पण लायसन्सची परीक्षा द्यायचीय अजून, तोवर बोलायची बाजू जोडणारच नाही, नुसतं ऐकणार (हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार). रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी दोन रविवारांत लावून झाले, त्यात काय, रंग बघायचे आणि डाग द्यायचे (सोल्डरिंग). घोडं अडलं ते रिंगांच्या, म्हणजे टोरॉइडच्या पुडीपाशी. पाच लाल रिंगा आणि दोन काळ्या. लाल पोरीच्या अंगठीएवढ्या, काळ्या तर करंगळीच्या नखाएवढ्या. लालवर एकेरी तार गुंडाळायची, ती गुंडाळली. काळीवर मात्र तीन तारा एकत्र पिळून दहा वेढे द्यायचे, मग सहा टोकं निघतात, त्यातली दोन जोडून मधला फाटा काढायचा, असं कागदावर लिहिलंय. चित्र आहे पण ते बघून डोकं जास्तच फिरतं.

किटातली तार माझ्याच हातानं वाया गेली. तीनदा गुंडाळली, तीनदा सोडली, दर वेळी गाठ पडून पीळ मोडला. शेवटी गावातल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून २८ नंबर तार आणली आणि त्यात काम उरकलं.

आता १२ व्होल्ट दिले की स्पीकरमधून हलकी सूंऽऽ येते. अँटेना लावली काय आणि काढली काय, त्या सूंऽऽ मध्ये तसूभर फरक नाही. अँटेना म्हणजे गच्चीवरून समोरच्या नारळाला बांधलेली वीस मीटर तार. बायको म्हणते एवढ्या वेढ्यांत एक स्वेटर झालं असतं.

कुठं चुकलं असेल?

बाळीवेस

एकच प्रश्न. टोकं खरवडली होती का?

जुळे_सोलापूरकर

खरवडायची कशाला? कागदावर लिहिलंय की डाग देताना तारेवरचा मुलामा आपोआप जळून जातो.

बाळीवेस

झालं मग. सापडला चोर. 🙂

तांब्याची_तार

आवो तो कागद किटातल्या तारेबद्दल बोलालाय, तुम्ही दुकानातनं आणलेल्या तारेबद्दल नाही. माझं मोटारी भरायचं दुकान हाय म्हणून सांगतो. मुलाम्यात दोन जाती. एक पॉलीयुरेथेनचा, तो इस्त्रीच्या टोकानं, म्हणजे सोल्डरिंग आयर्न ३८०-३९० डिग्रीला ठेवला की वितळतो, धूर निघतो आणि तार चकचकीत होती. दुसरा मोटारीचा, १५५ किंवा १८० डिग्री क्लासचा. तो जळूच नये म्हणून तर केलेला असतोय, पंप दिवसभर शेतात उन्हात चालतोय, तिथं जळला तर गिऱ्हाईक माझ्या दारात. तुमचा आयर्न त्याला काय करणार? वरनं शिसं गोळा होऊन बसतंय, दिसायला डाग एकदम फस्टक्लास, आत तार कोरडीच.

ब्लेडनं चारी बाजूनं खरवडा, एका बाजूनं नाही. मग बारीक पॉलिशपेपर दुमडून त्यात टोक धरून ओढा. काही जण लायटरनं जाळतात, मी पण करून बघितलो, पण तांबं काळं पडतंय आणि मग परत घासावंच लागतंय, डबल काम.

आणि एक. दुकानातला नंबर म्हणजे एसडब्ल्यूजी, इंग्रजांच्या वेळचा. किटवाले एडब्ल्यूजी लिहितात, तो अमेरिकन. २८ नंबर आपला ०.३७६ मिमी, त्यांचा ०.३२१. त्यांच्या २८ ला आपला ३० नंबर मागायचा, तो ०.३१५ येतोय. तुम्ही जाड तार घातलाव, म्हणून काळ्या रिंगेत दाटी झाली असणार. चालंल तसं, पण गुंडाळताना जास्त ओढावी लागली असेल तर काळ्या रिंगेच्या धारेवर मुलामा सोलला का बघा. त्या रिंगेला रंग नसतोय, कडा कातरीसारख्या असतात.

जळालेल्या पंख्यातली तार फुकट मिळती म्हणून घेऊ नका कुणी. मुलाम्याला भेगा असतात, डोळ्याला दिसत नाहीत.

जुळे_सोलापूरकर

@तांब्याची_तार दंडवत घ्या. कडा खरंच धारदार आहेत, माझं बोट कापलं होतं, मला वाटलं ब्लेडनं कापलं. सगळी टोकं परत काढून खरवडतो आणि सांगतो.

शेंगाचटणी

खरवडालच, तर लगे हाथ वेढेही मोजून घ्या. इथं सगळे आपटतात. रिंगेच्या भोकातून तार एकदा गेली की एक वेढा. संपला विषय. बाहेरून किती दिसतात ते मोजायचं नाही. तार नुसती भोकातून आरपार गेली आणि परत गुंडाळली नाही तरी तो एक वेढा झाला. भल्याभल्यांचा एक जास्त होतो कारण सुरुवातीला भोकात घातलेली तार ते शून्य धरतात.

एक वेढा इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं असं वाटत असेल तर हिशोब बघा. लाल रिंग टी५०-२ असेल (अर्धा इंच बाहेरचा व्यास) तर तिचा इंडक्टन्सचा, म्हणजे कॉइलच्या मापाचा आकडा ४.९ नॅनोहेन्री दर वेढ्याच्या वर्गाला. ३० वेढे म्हणजे ९०० गुणिले ४.९, साधारण ४.४ मायक्रोहेन्री. त्याला ११४ पिकोफॅरॅडचा कपॅसिटर लावला की ७.१ मेगाहर्ट्झला सूर जुळतो. आता वेढे २९ झाले तर ४.१ मायक्रोहेन्री, आणि सूर जातो ७.३४ ला. आपल्याकडं ४० मीटर बँड ७.० ते ७.२, म्हणजे एका वेढ्यानं अख्खा बँड हातचा गेला. ट्रिमर (फिरवून कमीजास्त करायचा छोटा कपॅसिटर) असेल तर ओढून आणता येतं, पण किती ओढणार.

थोडंफार बोटांनीही जमतं. वेढे जवळ सरकवले की इंडक्टन्स वाढतो, पसरले की कमी होतो. म्हणून सगळी रिंग गच्च भरायची नाही, सुरुवात आणि शेवट यात थोडी फट ठेवायची, घड्याळाच्या काट्यात बारा ते एक एवढी.

होटगीरोड

माझं स्पष्ट मत: नॅनोव्हीएनए (कॉइल-अँटेना मोजायचं छोटं मशीन) घ्या आणि अंदाजपंचे बंद करा. हे वेढे मोजणं वगैरे आता कोण करतं.

शेंगाचटणी

@होटगीरोड मशीन सांगेल की चुकलंय. किती वेढ्यांनी चुकलंय ते भोकात बघूनच मोजावं लागतं. मोबाईलवर फोटो काढा, झूम करा, टाचणीनं मोजा. शून्य रुपये.

होटगीरोड

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जुळे_सोलापूरकर

अपडेट. सगळी टोकं खरवडली, पॉलिशपेपर मारला, परत डाग दिले. मल्टिमीटर तारेवर न लावता प्लेटवरच्या डागांवर लावून बघितला, सगळीकडं टीं वाजतो. आता अँटेना लावली की आतून काहीतरी खुसपुसतं, म्हणजे जीव आहे. पण माणसाचा आवाज एक नाही. सकाळी सहाला उठून बसलो होतो, तेव्हा सगळे बोलतात म्हणून.

फोटो टाकलाय. काळी रिंग जवळून.

व्हीयू२_म्हातारा

फोटो बघितला. वेढे बरे आहेत, पीळ थोडा सैल आहे, चालेल. पण मधला फाटा कसा काढलात ते सांगा. तिन्ही तारा तांब्याच्याच रंगाच्या आहेत, मग कुठली कुठं गेली हे कसं ओळखलंत?

जुळे_सोलापूरकर

टोकं जशी निघाली तशी. डावीकडं तीन, उजवीकडं तीन. दुसऱ्या नंबरचं डावं आणि तिसऱ्या नंबरचं उजवं जोडलं.

व्हीयू२_म्हातारा

तेच म्हणत होतो. पिळलेल्या तारा आत जाताना जागा बदलतात. डावीकडं दुसऱ्या नंबरला असलेली तार उजवीकडं तिसऱ्या नंबरला बाहेर आलेली असू शकते. म्हणजे तुम्ही एकाच तारेची दोन टोकं एकमेकांना जोडून बसला आहात. तसं झालं असेल तर ती तार रिंगेवर बंद कडं झाली. ट्रान्सफॉर्मरवर एक गुंडाळी शॉर्ट झाली की बाकीच्या दोन्हीही मेल्यात जमा, कारण चुंबकत्व तिघींचं एकच आहे. अँटेनातून आलेलं सगळं त्या कड्यात जिरतं. तुमची खुसपूस ही शिल्लक राहिलेली गळती.

आता मल्टिमीटर टीं वाजतो म्हणून तुम्ही खूश झालात, पण तो तर वाजणारच. दहा वेढ्यांची तार म्हणजे जेमतेम बारा-पंधरा सेंटिमीटर, तिचा रेझिस्टन्स मल्टिमीटरला शून्यच दिसतो. नीट जोडलेलं आणि शॉर्ट झालेलं दोन्हींचा टीं सारखाच. म्हणून हे ओळखायचं ते डाग द्यायच्या आधी, टोकं मोकळी असताना.

कृती सांगतो. तीन तारा पिळायच्या आधी एकीला मुलीचं लाल नेलपॉलिश टोकापासून टोकापर्यंत, दुसरीला दुसऱ्या रंगाचं, तिसरी तशीच. वाळू द्या, घाई नको. रंग नको असतील तर गुंडाळून झाल्यावर मल्टिमीटरनं जोड्या शोधा, क ला क, ख ला ख, ग ला ग. मग ख चा शेवट ग च्या सुरुवातीला. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे महत्त्वाचं. नकाशात ते जे ठिपके असतात ना तारेच्या डोक्यावर, ते सुरुवात दाखवतात. ख ची सुरुवात ग च्या सुरुवातीला जोडली तर शॉर्ट होणार नाही, पण दोन्ही अर्धे एकमेकांना खोडून काढतील, आणि डायोडचा मिक्सर (आलेला सिग्नल मिसळणारा भाग) नुसता बसून राहील. ती चूक शोधायला मला १९८० च्या सुमारास आठवडा लागला होता, तेव्हा विचारायला धागे नव्हते.

आणखी एक शंका काढून टाका. काळी म्हणून जी घेतली ती पुडीतली काळीच ना? काळी एफटी३७-४३, म्हणजे फेराइटची असेल तर दहा वेढ्यांना साधारण ३५ मायक्रोहेन्री भरतो, ७ मेगाहर्ट्झला दीड हजार ओहमच्या आसपास अडथळा. ५० ओहमच्या अँटेनाला चौपट-पाचपट म्हणजे दोन-अडीचशे असला तरी भागतं, तेव्हा भरपूर. तेच दहा वेढे त्याच मापाच्या लाल लोखंडी भुकटीच्या रिंगेवर दिले तर ०.४ मायक्रोहेन्री, म्हणजे १८ ओहमही नाही. रिंग दिसायला सारखी, माल वेगळा.

सदाशिवपेठी_पाहुणा

माहितीपूर्ण धागा, वाचतोय.

अवांतर: पहिला टोरॉइड हातानंच गुंडाळला होता. मायकेल फॅरेडे, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन, २९ ऑगस्ट १८३१. मऊ लोखंडाचं कडं, सहा इंच बाहेरचा व्यास. तेव्हा मुलामा दिलेली तार मिळत नव्हती, म्हणून त्यानं वेढ्यांमध्ये सुतळी घातली आणि थरांमध्ये सुती कापड, आपल्या मांजरपाटासारखं. इंग्रजीत त्या कापडाला जे कॅलिको म्हणतात ते नाव कालिकतवरून आलेलं. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बारशाला सुती कापड हजर होतं, आणि तुम्ही सोलापुरात बसून तारेला रडताय!

पूर्वभाग

@पाहुणा हे भारी सांगितलाव.

@जुळे_सोलापूरकर काय बे, एवढ्या लांब कशाला हुडकालाय, अशोक चौकात ये. आमच्या घरी आजोबा असेपर्यंत हातमाग होता. मी पण असलंच एक किट केलो होतो दोन वर्षांमागं आणि माझी पण तार तशीच गुंतायची, कारण आपण काय करतो, अर्धा मीटर मोकळी तार हातात घेऊन तिचं टोक परत परत त्या भोकातनं ओवत बसतो. दर वेळी अख्खी तार फरफटत येती, टेबलाच्या कडेला घासती, पीळ पडतो, त्या पिळावर ओढलं की मोडती.

आजी बघत बसली होती बाजूला. म्हणाली, तू सूत उघडं ठेवून का विणालास, कांडी का भरंना? तिनं आयुष्यभर चरख्यावर कांड्या भरल्या. मग मी आईस्क्रीमची लाकडी काडी उभी चिरून पातळ केलो, दोन्ही टोकांना ब्लेडनं इंग्रजी व्ही सारख्या खाचा पाडलो. त्यावर आधी सगळी तार लांबीत गुंडाळायची, झाला धोटा. मग तार ओवायची नाही, धोटा भोकातनं घालायचा, लागेल तेवढी तार सोडायची, परत घालायचा. लाल रिंगेचं भोक पावणेआठ मिमी असतंय, त्यातनं आरामात जातोय. काळीत पावणेपाचच मिमी, तिथं काडी नाही जमत, पण तिथं तारच आखूड लागती.

तार किती तोडायची ते पण सांगतो म्हणजे मध्येच सांधा द्यायची पाळी येत नाही. टी५० वर एका वेढ्याला दीड सेंटिमीटर, वरनं दोन्ही टोकांना पाच-पाच. ३० वेढ्यांना ४५ अधिक १०, मी ६० तोडतो.

पीळ द्यायला: तीन तारांची एक टोकं खिडकीच्या गजाला, दुसरी टोकं हँड ड्रिलच्या चकमध्ये, ताण धरून हळूहळू. सेंटिमीटरला तीन पीळ बास. आजीनं तेवढ्यात मांडीवर वळून दाखवली, तीन पदरी, माझ्यापेक्षा एकसारखी. तिला मी ट्रायफायलर म्हणून सांगालो होतो, ती म्हणाली तीन पदरी म्हण की सरळ.

मोजायला तिची युक्ती: दर पाच वेढ्यांना एक शेंगदाणा ताटलीत. मध्येच फोन आला, लाईट गेली, कुणी हाक मारली तरी हिशोब ताटलीत असतोय.

तांब्याची_तार

शेंगदाण्याचं लई भारी. मी काड्यापेटीच्या काड्या मांडतो.

व्हीयू२_म्हातारा

आजींना माझा नमस्कार सांगा. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या (रेडिओवरची त्यांची खूण व्हीयू२ईएसई) बिटएक्स४० या रेडिओ किटच्या प्लेटवरच्या रिंगा तिथल्या बायकांचा एक गट हातानं गुंडाळायचा. आणि त्यांच्या आधीच्या बिटएक्सच्या आराखड्यात तर बाजारातल्या रिंगाच नव्हत्या, नळाच्या प्लास्टिक वॉशरवर कॉइल आणि टीव्हीच्या अँटेना जोडणीतल्या बालनचे फेराइट. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन दोन रुपयांचा वॉशर मागायचा, रेडिओला म्हणून सांगायचं नाही, नाहीतर तो वेड्यात काढतो.

बंद पडलेल्या सीएफएल दिव्यातही एक छोटी फेराइटची रिंग असते, तिच्यावर आधीच तीन गुंडाळ्या असतात. सरावाला उत्तम. दहा वेढे देऊन इंडक्टन्स मोजा, आलेल्या आकड्याला शंभरानं भागा, रिंग कशी आहे ते कळतं. किटातल्या रिंगेवर शिकू नका.

काळ्या रिंगेच्या धारेला नळाची पांढरी टेफ्लॉन टेप एक थर. प्लंबरकडं मिळते.

बाळीवेस

धागाकर्ता गायब. तार गळ्यात अडकली की काय.

जुळे_सोलापूरकर

आहे आहे. मध्ये ऑफिसचं ऑडिट आणि मग पाहुणे.

तर. काळी रिंग काढली (काढताना प्लेटवरचा एक तांब्याचा डाग उचकटला, तो तारेच्या तुकड्यानं जोडून घेतला, फोटो टाकत नाही, लाज वाटते). वेढे सोडून जोड्या तपासल्या तर व्हीयू२ काका म्हणाले तेच, मधल्या तारेची दोन्ही टोकं मीच एकमेकांना बांधून ठेवली होती. पोरीचं नेलपॉलिश घेतलं, एक गुलाबी, एक निळं चमकीवालं. टेप लावली. ३० नंबर तार आणली, दुकानदार पाव किलोच्या खाली द्यायला तयार नव्हता, पण रिळाची शेवटची शिल्लक होती ती वजनावर दिली. परत तीन पदरी (आता मी पण तेच म्हणणार) दहा वेढे, गुलाबीचा शेवट निळ्याच्या सुरुवातीला.

परवा पहाटे पावणेसहाला लावला. आधी नुसती खरखर. आमच्या मागच्या गल्लीत एलईडीच्या माळा अजून उतरवल्या नाहीत, त्यांचा तो खर्र आवाज सगळ्या बँडभर. आणि तेवढ्यात लाईट गेली. रेडिओ बॅटरीवर होता, तो चालूच, आणि बँड एकदम असा शांत झाला की मागचं सगळं वर आलं. एक कानडी बोलणारे गृहस्थ, दुसऱ्याला सांगत होते की काल पाऊस नव्हता. बास, एवढंच. ते हवापाण्याबद्दल बोलत होते आणि मी अंधारात स्पीकरला कान लावून उभा. बायको उठून आली, तिनंही ऐकलं, म्हणाली हे एवढं ऐकायला दोन महिने? पण चहा घेऊन तिथंच बसली, लाईट येईपर्यंत.

एक भानगड शिल्लक आहे. ट्रिमर पूर्ण एका टोकाला गेलाय तरी आवाज जरा लांबच वाटतो. म्हणून पहिल्या लाल रिंगेचा फोटो काढून टाचणीनं मोजलं, २९ भरले. दुसरी सोडून परत गुंडाळलीय, ती काडीच्या धोट्यावर आणि दर पाचला शेंगदाणा ठेवून. तिचेही २५ भरले, पाहिजे होते ३०. हे कसं झालं कळेना, ताटलीत हिशोब बरोबर सहा होता.

शेंगाचटणी

२५ आणि सहा शेंगदाणे? मग पहिला शेंगदाणा तुम्ही सुरुवात करतानाच ठेवला असणार, शून्याला.

जुळे_सोलापूरकर

...हो.

पूर्वभाग

आजीला सांगितलो. ती म्हणाली त्याला रविवारी घेऊन ये, आणि शेंगदाणे घेऊन येऊ नको म्हण, इथं आहेत.